उड्डाण तासाभराचं, प्रवास किती तासांचा?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ यांच्यातलं सरळ हवाई अंतर सुमारे ३०८ किलोमीटर आहे. सत्तर आसनांचं एटीआर विमान ते साधारण तासाभरात कापतं. त्याच हिशेबाने मुंबईहून जळगाव सुमारे ३५५ किलोमीटर, सिंधुदुर्गातलं चिपी ३५०, नांदेड ४७० आणि नाशिकचं ओझर जेमतेम १५८ किलोमीटरवर. जिल्ह्याच्या ठिकाणी नवी विमानसेवा सुरू होते तेव्हा भाषणांत आणि बातम्यांत हेच आकडे असतात: आता अमुक शहर मुंबईपासून फक्त एका तासावर. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातल्या माणसाने मात्र या आकड्यावर विसंबून बेत आखला तर तो फसतो. २०११ च्या जनगणनेत या तीन शहरांत मिळून नऊ लाखांहून अधिक माणसं होती: उल्हासनगरात ५ लाख ६ हजार, अंबरनाथमध्ये २ लाख ५३ हजार, बदलापुरात १ लाख ७४ हजार. त्यानंतर बदलापूर-अंबरनाथच्या माळावर उभ्या राहिलेल्या इमारती पाहिल्या तर आजची संख्या त्याहून किती पुढे गेली असेल याची कल्पना येते. खानदेशातून, कोल्हापूर-सांगलीकडून, कोकणातून आणि मराठवाड्यातून आलेली हजारो कुटुंबं इथे राहतात, आणि लग्नकार्य, आजारपण, जमिनीचे कागद, सणवार यांसाठी त्यांचं गावाकडे येणं-जाणं सतत चालू असतं. त्यांच्यासाठी दोन विमानतळांमधलं अंतर ही चुकीची मोजपट्टी आहे. मोजायला हवं ते घराच्या दारापासून दुसऱ्या टोकाच्या घराच्या दारापर्यंत. तसं मोजलं तर एक गोष्ट स्पष्ट होते: या पट्ट्याचा वेळ वाचायचा असेल तर तो आकाशात वाचणार नाही, जमिनीवर वाचेल. आपल्या मागण्या आणि सरकारचा पैसा, दोन्ही त्या दिशेने वळायला हवेत.

आधी उड्डाणाचा वेळ नीट समजून घेऊ. वेळापत्रकात छापलेला वेळ हा विमान हवेत असण्याचा वेळ नसतो. निघताना जागेवरून चाक हलल्यापासून उतरल्यावर जागेवर चाक थांबेपर्यंतचा तो सगळा काळ असतो. विमानवाले त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत थांबणं, चढाई, उतरण्याआधीचं वळण आणि पुन्हा टर्मिनलपर्यंत येणं हे सगळं आलं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवरून दिवसाला नऊशेच्या वर विमानं चढतात-उतरतात. त्यामुळे अंतर कितीही कमी असलं तरी अर्धा तास या ठरलेल्या गोष्टींत जातोच. एटीआर ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने उडतं. या हिशेबाने नाशिकचे १५८ किलोमीटर १९ मिनिटांत पार व्हायला हवेत, पण ठरलेला अर्धा तास धरला की पन्नास मिनिटं होतात. कोल्हापूरला ३७ मिनिटं आणि वर अर्धा तास, म्हणजे सव्वा तासाच्या थोडं आत. नांदेडला सुमारे ५५ मिनिटं आणि अर्धा तास, म्हणजे जवळजवळ दीड तास. अंतर जितकं कमी, तितका या अर्ध्या तासाचा भार जास्त. नाशिकच्या उड्डाणात खऱ्या वेगाने कापलेला वेळ निम्म्याहूनही कमी असतो.

आता या उड्डाणाआधीचा प्रवास बघू. बदलापूर मुंबई सीएसएमटीपासून रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटरवर, अंबरनाथ ६० आणि उल्हासनगर ५८ किलोमीटरवर. विमानतळ गाठायचा आजचा सगळ्यात भरवशाचा सार्वजनिक मार्ग असा आहे: घरून रिक्षाने स्टेशन, मग फास्ट लोकलने घाटकोपर, तासाभराहून थोडं अधिक. घाटकोपरला पादचारी पुलावरून मेट्रो एकच्या स्थानकात, तिथे बॅग तपासणीच्या यंत्रात टाकायची, पलीकडून उचलायची, क्यूआर दाखवून आत जायचं. जागृती नगर, असल्फा, साकी नाका आणि मग मरोळ नाका. इथे उन्नत मार्गावरून खाली उतरून भुयारी मेट्रो तीनच्या फलाटावर जायचं. तिथून टर्मिनल दोन हे पुढचंच स्थानक. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो तीनचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा सुरू झाला आणि हा शेवटचा तुकडा खूपच सुसह्य झाला, यात शंका नाही. तरीही स्टेशनपर्यंतची पंधरा मिनिटं, लोकलमधली पासष्ट आणि घाटकोपरपासून टर्मिनलच्या दारापर्यंतची पाऊण तासाची चालाचाल मिळून दोन तास होऊन जातात. हा हिशेबही लोकल वेळेवर आहे आणि डब्यात शिरता आलं असं धरून. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान बदलापूर-अंबरनाथहून सुटणाऱ्या फास्ट लोकलमध्ये चाकांची मोठी बॅग आणि सोबत सत्तरीतली आई घेऊन चढणं जवळपास अशक्य. ज्या फलाटावर माणसं बसायला जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेच्या गाडीने जाऊन तीच गाडी परत पकडतात, तिथे सामान घेऊन उभं राहिलेल्याला कोण वाट देणार?

टर्मिनलवर पोचल्यावरही घाई उपयोगाची नाही. चेक-इनचे काउंटर उड्डाणाच्या पाऊण ते एक तास आधी बंद होतात, सुरक्षा तपासणीची रांग किती लांब असेल ते सांगता येत नाही, म्हणून दीड तास हाताशी ठेवावाच लागतो. दुसऱ्या टोकाला सामान घेऊन बाहेर पडणं आणि घर गाठणं यात पाऊण तास धरा. या सगळ्याची बेरीज केली तर बदलापूरकराच्या विमानप्रवासातले जवळजवळ साडेचार तास उड्डाणाशी संबंध नसलेले असतात, आणि ते कुठेही जायचं असलं तरी बदलत नाहीत. त्यात उड्डाण मिळवलं की नाशिक सव्वापाच तास, कोल्हापूर साडेपाच तास, जळगावही तेवढेच, आणि नांदेड सहा तासांच्या थोडं आत. नाशिकपेक्षा नांदेड तिप्पट लांब आहे, पण विमानाने पोचायला बदलापूरकराला पाऊण तासही जास्त लागत नाही. छापलेले उड्डाणाचे वेळ वाचून हे कधीच लक्षात येत नाही.

याच ठिकाणांना जमिनीवरून जाऊ. बदलापूर ते कल्याण चौदा किलोमीटर. कल्याण जंक्शनवर नाशिक-भुसावळकडच्या आणि पुणे-मिरजकडच्या, दोन्ही मार्गांच्या गाड्या थांबतात. ही या पट्ट्याची मोठी ठेव आहे, पण आपण ती मोजत नाही. कल्याणहून नाशिक रोड सुमारे १३४ किलोमीटर, कसाऱ्याचा घाट धरून अडीच तास. घरापासून घरापर्यंत पावणेचार तास. विमानापेक्षा दीड तास आधी, तेही भाड्याच्या छोट्याशा भागात. कल्याणहून जळगाव सुमारे ३६६ किलोमीटर, चांगल्या गाडीने पाच तास. दारापासून दारापर्यंत सहा. विमान इथे अर्धा तास वाचवतं आणि त्यासाठी प्रवाशाला तीन ठिकाणी गाडी बदलायला लावतं. कोल्हापूरला रस्त्याने कर्जत-खोपोलीमार्गे द्रुतगती महामार्ग धरला तर सात तासांच्या आसपास, म्हणजे विमान दीड तास पुढे. नांदेडला मात्र कल्याणहून कुठलीही गाडी घेतली तरी आठ-नऊ तासांच्या खाली काम होत नाही, बहुतेक गाड्यांना त्याहून जास्त लागतात. तिथे विमान अर्धा दिवस परत देतं. म्हणजे या पट्ट्यासाठी रेषा साधारण ३५० ते ४०० किलोमीटरच्या आसपास पडते. तिच्या अलीकडे विमानाने हाती फारसं लागत नाही. पलीकडे गेलं की ते खरोखर उपयोगाचं.

ही रेषा सगळीकडे सारखी नसते, आणि त्याचं कारण भूगोलात आहे. मुंबई-जळगाव रेल्वेमार्ग ४२० किलोमीटर, हवाई अंतर ३५५. म्हणजे रूळ हवाई रेषेपेक्षा अठरा टक्के जास्त फिरतात. नाशिकचंही तसंच. कोल्हापूरचा रेल्वेमार्ग मात्र पुणे-सातारा-मिरज असा वळसा घेत ५१८ किलोमीटर होतो, हवाई अंतराच्या जवळजवळ पावणेदोन पट. म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसला पूर्ण रात्र लागते. कोकणात डोंगर आणि खाड्या यांमुळे रेल्वे पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास जाते, आणि रस्त्याचे हाल वेगळे सांगायला नकोत. म्हणून चिपी ३५० किलोमीटरवर असूनही तिथे विमानाचा दावा जळगावपेक्षा भक्कम आहे. जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत आहे, वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, तीन किलोमीटरही नाही, दोन मिनिटांच्या आत संपणारं. ते चालतं, कारण मध्ये समुद्र आहे. याउलट फ्रान्सने २०२३ मध्ये पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत आणि ल्योंला जाणारी उड्डाणं कायद्याने बंद केली, कारण त्या शहरांना रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं. दोन्हीकडे निकष एकच: जमीन काय देऊ शकते ते आधी पाहायचं, मग विमानाचं ठरवायचं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की लोकल-मेट्रोचा हिशेब धरून मी विमानाला मुद्दाम मागे पाडलं. पहाटे साडेतीनला टॅक्सीने निघालं तर बदलापूरहून विमानतळ सव्वा-दीड तासात येतो. हे खरं आहे. पहाटेच्या उड्डाणाला त्यामुळे पाऊण तास वाचतो. पण परतीचं विमान संध्याकाळी उतरलं तर तीच टॅक्सी घाटकोपर, मुलुंड, ठाणे, शिळफाटा अशी रांगेतून सरकत येते आणि सकाळचा नफा परत घेते. शिवाय टॅक्सीचं भाडं कितीदा तरी जिल्ह्याच्या विमानाच्या सवलतीच्या तिकिटाच्या निम्म्याच्या पुढे जातं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: जिल्ह्याची विमानसेवा बदलापूरसाठी नसते, ती जळगावसाठी, नांदेडसाठी, सिंधुदुर्गासाठी असते, तिथल्या रुग्णाला, उद्योजकाला, विद्यार्थ्याला मुंबई जवळ यावी म्हणून असते. हेही मान्य. पण विमानात बसणारा प्रत्येक माणूस दोन्ही टोकांचा हिशेब करतो. जळगावच्या माणसाची बहीण अंबरनाथला राहत असेल, तर त्याचा निर्णय मुंबई विमानतळाच्या टर्मिनलवर थांबत नाही. महामुंबईतली लाखो माणसं कल्याणच्या पुढे आणि वसई-पनवेलच्या पलीकडे राहतात. त्यांना विमान परवडत नसेल आणि वेळही वाचत नसेल, तर सेवेच्या प्रवाशांचा मोठा वाटा सुरू होण्याआधीच कमी झालेला असतो.

याचा पुरावा उडान योजनेच्याच इतिहासात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने ही प्रादेशिक विमानसेवेची योजना आणली. सुरुवातीला तासाभराच्या उड्डाणातल्या ठरावीक जागांचं भाडं २,५०० रुपयांवर बांधलं. कंपनीची तूट भरून काढायला तीन वर्षं अनुदान, त्यात राज्याचा वाटा वीस टक्के. आणि त्या काळात मार्गावर दुसऱ्या कंपनीला प्रवेश नाही. एप्रिल २०१७ मध्ये पहिल्या उड्डाणांत नांदेड-हैदराबाद होतं. त्याच वर्षी २३ डिसेंबरला एअर डेक्कनने एकोणीस आसनांच्या विमानाने मुंबई-जळगाव सेवा सुरू केली; ती अडखळत चालली आणि २०२० मध्ये कंपनीनेच उड्डाणं थांबवली. चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईच्या सेवेने सुरू झाला. तीन वर्षांची मुदत संपल्यावर ती सेवाही बंद पडली. देशभराचं चित्र भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ वर उड्डाणच सुरू झालं नाही. जे ३७१ सुरू झाले त्यांतल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली. अनुदान संपल्यावरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले मार्ग ५४, म्हणजे दिलेल्या मार्गांपैकी सात टक्के. विमानं मिळत नाहीत, मुंबईत सोयीच्या वेळेचा स्लॉट मिळत नाही, धावपट्ट्या तयार नाहीत ही कारणं खरी आहेत. पण प्रवासी दुसऱ्यांदा तिकीट काढतो की नाही यावर मार्गाचं आयुष्य ठरतं, आणि ते तिकीट तो घरापासून घरापर्यंतचा वेळ पाहूनच काढतो. मार्ग मंजूर करताना ही मोजणी कोणी केली असती, तर अनुदानाचा पैसा कमी मार्गांवर पण जास्त काळ टिकला असता.

तिसरा आक्षेप पावसाचा. रेल्वेवर भरवसा ठेवा म्हणणाऱ्याला बदलापूरकर २७ जुलै २०१९ ची आठवण करून देईल. त्या दिवशी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराच्या वर प्रवासी पाण्याने वेढलेल्या गाडीत होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी, नौदलाची हेलिकॉप्टर्स आणि आसपासच्या गावकऱ्यांच्या मदतीने सगळे सुखरूप बाहेर आले. ती गाडी कोल्हापूरलाच निघाली होती. म्हणजे या पट्ट्यात जमिनीवरचा प्रवास निर्धोक आहे असं म्हणता येणार नाही. पण पावसाळ्यात आकाशही मोकळं नसतं. सह्याद्रीच्या आसपासच्या छोट्या विमानतळांवर ढग खाली आले की विमानं फिरवावी किंवा रद्द करावी लागतात, आणि अशा दिवशी मुंबईची लोकलही अनेकदा बंद असते, म्हणजे विमानतळ गाठणंच शक्य नसतं. या आक्षेपाला विमान हे उत्तर नाही. उल्हास नदीचं पात्र, तिच्या काठची भरणी आणि रुळांची उंची यांवर काम करणं हे उत्तर आहे.

आता नवी मुंबईच्या विमानतळाचं. त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडू लागली. बदलापूरपासून सरळ रेषेत मुंबईचा जुना विमानतळ बेचाळीस किलोमीटर आहे, नवी मुंबईचा विमानतळ सुमारे सत्तावीस. उल्हासनगर-अंबरनाथसाठीही तो पंचवीस-सत्तावीस किलोमीटरच्या आतबाहेर. नकाशावर ही मोठी सुधारणा आहे, आणि वर काढलेल्या हिशेबातले दोन तास एका तासावर आले तर कोल्हापूर आणि चिपी रेषेच्या पलीकडे, विमान उपयोगाचं ठरतं त्या बाजूला जातील. पण रुळावरचं अंतर सरळ रेषेसारखं नाही. रेल्वेने जायचं तर बदलापूरहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरने नेरूळ किंवा बेलापूर, आणि तिथून उरण मार्गाची गाडी. म्हणजे विमानतळ नैऋत्येला असताना आधी वायव्येला जायचं. मार्च २०२४ मध्ये भूमिपूजन झालेली कल्याण-तळोजा मेट्रो बारा डोंबिवलीच्या बाजूने जाते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर तिच्या बाहेरच राहतात. उरतो तो काटई-बदलापूर रस्ता आणि खोणी-तळोजा रस्ता, जिथे ट्रकची वर्दळ, खड्डे आणि नाक्यांवरची कोंडी रोजचीच. नवा विमानतळ जवळ आला हे खरं, पण तो जवळ वाटावा यासाठीचं काम अजून बाकी आहे.

या संदर्भात नेवाळीचा उल्लेख होतोच, आणि तो टाळू नये. अंबरनाथ-कल्याणच्या मध्ये, मलंगगडाच्या पायथ्याकडे दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी लष्करी धावपट्टीसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. त्याच युद्धात आजच्या उल्हासनगरच्या जागी कल्याण कॅम्प उभा राहिला. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. कॅम्पचं शहर झालं, धावपट्टीची जमीन मात्र शेतकऱ्यांना परत मिळाली नाही. जून २०१७ मध्ये नौदलाच्या संरक्षक भिंतीवरून तिथे आंदोलन पेटलं, वाहनं जाळली गेली, पोलीस आणि शेतकरी दोघंही जखमी झाले. २०१० च्या सुमारास नवी मुंबईच्या पर्यावरण मंजुरीचा वाद चालू असताना कल्याणचं नाव पर्यायी जागा म्हणून पुढे आलं होतं, आणि अजूनही कोणी ना कोणी म्हणतं की इथे छोटा विमानतळ झाला तर प्रश्न सुटेल. तो सुटणार नाही. पंचवीस किलोमीटरवर मोठा विमानतळ असताना इथून फार तर दिवसाला दोन-चार विमानं उडतील, त्यांच्या वेळा सोयीच्या नसतील, आणि ज्यांच्या जमिनीचा प्रश्न ऐंशी वर्षं लोंबकळतो आहे त्यांच्या हक्कावर आणखी एक प्रकल्प चढेल. नेवाळीच्या जमिनीचा न्याय आधी व्हायला हवा. तो विमानतळाच्या स्वप्नाखाली दबता कामा नये.

मग मागायचं काय? सगळ्यात स्वस्त आणि लगेच करता येण्यासारखी गोष्ट म्हणजे उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरहून नवी मुंबईच्या विमानतळावर जाणाऱ्या थेट बस, पहाटेच्या आणि रात्रीच्या विमानांच्या वेळा धरून. तिन्ही शहरांच्या नगरसंस्था आणि राज्य परिवहन महामंडळ यांनी एकत्र बसून वेळापत्रक आखलं तर त्याला नवा रूळ लागत नाही. त्या बस वेळेवर पोचाव्यात म्हणून काटई आणि खोणी-तळोजा रस्ते आधी दुरुस्त व्हायला हवेत. पनवेल-कर्जत हा २९.६ किलोमीटरचा उपनगरी मार्ग पुरा झाला की बदलापूरहून कर्जतला बदलून पनवेल गाठता येईल; त्या गाड्या कर्जतला येणाऱ्या लोकलशी जुळलेल्या असाव्यात, नाहीतर अर्धा तास फलाटावर जाईल. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका लवकर व्हायला हवी, कारण लोकलच्या गर्दीचा प्रश्न सुटल्याशिवाय विमानतळाचा प्रश्न सुटत नाही. चारशे किलोमीटरच्या आतल्या शहरांसाठी कल्याणला थांबणाऱ्या, सकाळी नेऊन रात्री आणणाऱ्या गाड्या मागायला हव्यात. आणि उडानसारख्या योजनेत मार्ग निवडताना दोन्ही टोकांच्या घरांपासूनचा वेळ मोजणं सक्तीचं करायला हवं.

लांबच्या विमानाला विरोध करण्याचं काही कारण नाही. नांदेड, गोंदिया, नागपूर आणि जिथे डोंगर-खाड्यांमुळे जमीन साथ देत नाही तिथे विमान हवंच, आणि ते अनुदानाच्या तीन वर्षांनंतरही टिकायला हवं. विरोध आहे तो एका सवयीला: दोन धावपट्ट्यांमधले किलोमीटर मोजून माणसांचा प्रवास कमी झाला असं जाहीर करण्याच्या. बदलापूरच्या घरातून निघालेल्या बाईला आजारी वडिलांपर्यंत पोचायला किती तास लागले, हा खरा आकडा. मंत्री नवा मार्ग जाहीर करतील तेव्हा आपल्या लोकप्रतिनिधींनी त्यांच्याकडून तोच आकडा लेखी मागावा.